चौथ्या नावानंतर

सिनेमा-पुरस्कारांच्या नामांकनांची यादी वाचता वाचता भाची मध्येच थांबली. मोबाइल डोळ्यांपासून जरा लांब नेऊन तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, "अगं बाई, तिकीटवाली. ही अजून काम करते?" दातांच्या डॉक्टरांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, मोजणीवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आणि मावशींना आपल्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटल्यासारखी वाटली. त्यांनी बोटं सोडवून बघितली. सुटली. कोरडी ठणठणीत होती. तरी मांडीवर हात ठेवल्यावर त्यांनी ती दोन बोटं जरा फाकवूनच ठेवली, लहान मूल ओला रंग लागलेली बोटं ठेवतं तशी.

दरवर्षी नामांकनं जाहीर झाली की नंतरच्या रविवारी दुपारी हे चौघं डॉक्टरांच्या दवाखान्यात जमत. दवाखाना बंद असे, पण बाहेरची खोली उघडायची. भिंतीला टेकवलेल्या सहा खुर्च्या, काचेच्या पेटीत कवळीचा नमुना, हिरड्या निरोगी कशा ठेवाव्यात याचं चित्र. आतल्या खोलीतून लवंगेच्या तेलाचा वास येत राहायचा आणि मग सिनेमावरचं सगळं भांडण त्या वासात व्हायचं. डॉक्टर या मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष, आणि चार पानी वार्तापत्राचे संपादकही. मोजणीवाले जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सिनेमाही ते मोजूनच बघत, कुठला प्रसंग किती सेकंदांचा हे त्यांना तोंडपाठ. भाची शाळेत भूमिती शिकवायची आणि इथे आली की शाळेत दाबून ठेवलेला सगळा आवाज बाहेर काढायची. आणि मावशी. भाचीने सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा आणलं तेव्हा डॉक्टरांना कळलं की या बाई एके काळी त्याच पुरस्कारांच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, याद्या यांच्याच हातून गेल्या, तेव्हापासून त्यांना खिडकीजवळची, पाठीला उशी असलेली खुर्ची मिळत असे. "मावशी, तुम्ही तर आत होतात. आतलं सांगा की काही," असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचं. "आम्ही टाइप करणाऱ्या," मावशी म्हणायच्या, "आम्हाला कोण काय सांगतंय." आणि लोक हसायचे. सात वर्षं ते वाक्य बिनबोभाट चाललं होतं.

"एक्केचाळीस वर्षांनी," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा वगळलं होतं तिला. उशिरा का होईना, न्याय झाला."

"न्याय नाही, नुकसानभरपाई," मोजणीवाले म्हणाले. "रस्त्यात जमीन गेली की देतात तशी. काम किती आहे तिचं यंदाच्या सिनेमात? दोन प्रसंग. सगळे मिळून तीन मिनिटं दहा सेकंद."

"त्यातल्या एकात ती झोपलेली आहे," भाची म्हणाली. "काका, मी काही बोलत नाही, पण झोपल्याबद्दल नामांकन? आणि माझी आवडती, ती नर्स झालेली नटी, कुठाय? बघा, पाचही नावं वाचते. नर्स नाही. अख्खा सिनेमा त्या पोरीने खांद्यावर वाहिलाय."

"पुढच्या वर्षी मिळेल तिला. लहान आहे," डॉक्टर म्हणाले.

"तिकीटवालीलाही त्या वर्षी कुणीतरी हेच म्हणालं असेल."

हे खरं तर डॉक्टरांचंच दरवर्षीचं वाक्य होतं. मावशींनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीतला पडदा काढून धुवायला नेत होता. तिला लहान म्हणणारं कुणी नव्हतं, मावशींच्या मनात आलं. पस्तिशीची होती तेव्हा. म्हणजे माझ्यापेक्षा सातच वर्षांनी मोठी.

तेव्हा त्या मावशी नव्हत्या, टायपिस्टबाई होत्या. ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत कार्यवाह, बाहेरच्या खोलीत त्या, प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि कार्डांची लाकडी पेटी. दरवर्षी आलेल्या प्रत्येक सिनेमातल्या प्रत्येक कलावंताचं एक कार्ड असे. सात परीक्षक आपापली मतं बंद पाकिटात देऊन निघून जात, कुणी काय दिलं ते दुसऱ्याला कळत नसे. कार्यवाह दार लावून एकटेच मतं मोजत आणि ज्यांची निवड झाली त्यांची कार्डं पेटीतून काढून, विभागवार दोरा बांधून, टायपिस्टबाईंच्या टेबलावर आणून ठेवत. कार्डांवरून त्या स्टेन्सिल कापत. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा निळा कागद. रिबन बाजूला करून टाइप केलं की अक्षरं त्या मेणात कोरली जात. चूक झाली तर गुलाबी औषधाची एवढीशी बाटली असे, झाकणालाच ब्रश. चुकलेल्या अक्षरावर औषध लावायचं, ओठांचा चंबू करून फुंकर घालायची, वाळलं की वर बरोबर अक्षर मारायचं. नखांना लावायच्या रंगासारखा वास, आणि वाळताना डिंकासारखं चिकट. त्या दिवशी छायाचित्रणाच्या विभागात त्यांची एक चूक झाली होती. कार्यवाहांना संध्याकाळच्या गाडीने परगावी जायचं होतं, चारदा बाहेर येऊन घड्याळ बघून गेले होते, आणि घाईत औषध जास्त घेतलं गेलं. ब्रशवरून एक थेंब डाव्या हाताला ठेवलेल्या पुढच्या गठ्ठ्यावर पडला. त्यांनी तो बोटाने पुसला आणि स्टेन्सिलवर फुंकर घातली. कार्डांवर घातली नाही. पुढचा गठ्ठा सहाय्यक अभिनेत्रींचा. दोरा सोडला, एकेक कार्ड उलटत नावं टाइप केली. चार. नियम होता की नावं तीन ते पाच असावीत. चार म्हणजे काही वावगं नव्हतं. त्या वर्षी वेशभूषेतही चारच होती.

"तुमच्या हातचं आहे, मी वाचून काय करू," असं म्हणून कार्यवाहांनी उभ्या उभ्या सही केली होती. इतकी वर्षं झाली, आवाज विसरला तरी ते वाक्य विसरायला होत नाही. माणसाने विश्वास टाकला की तो आपल्याला आवडतो; टायपिस्टबाईंनाही आवडला होता. त्या जिना उतरताना स्वतःशी गुणगुणत उतरल्या होत्या. रविवारी यादी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. सोमवारी कार्डं पेटीत परत लावताना एक कार्ड बोटांना जाड लागलं.

"मावशी, तुम्हाला आठवतो ना तो प्रसंग?" डॉक्टरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते उठून कवळीच्या पेटीमागे जाऊन उभे राहिले. दरवर्षीचंच होतं हे. एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या, पुलाच्या त्या सिनेमात ती तिकीट-खिडकीवर बसणारी बाई होती. खिडकीशी एक माणूस येतो आणि एकच तिकीट मागतो, आणि तिला कळतं की हा बायकोला सोडून चाललाय. ती बोलत काहीच नाही. काचेखालून तिकीट सरकवते आणि बोट मात्र तिकिटावर तसंच ठेवते. डॉक्टरांनी दाढदुखीचं पत्रक पेटीच्या काचेवरून सरकवलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"चार सेकंद," मोजणीवाले म्हणाले. "तुम्ही सहा धरता दरवेळी."

"भावना असते हो त्यात."

"तिने चारच धरलंय. म्हणून तर ते तसं झालंय."

मावशींना हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. सोमवारी त्यांनी काय केलं होतं? खोडायच्या पात्याचं टोक घालून दोन्ही कार्डं सोडवली होती. मागच्या कार्डावर पुढच्याचा पातळसा पापुद्रा राहिला, बाकी नाव स्वच्छ वाचता येत होतं. ते नाव वाचल्यावर पहिल्यांदा त्यांना काय वाटलं असेल तर हेच, की बरोबर, ही असायलाच हवी होती, आपणही सिनेमा बघताना रडलो होतो. मग आपण काय केलंय ते कळलं. मतांच्या चिठ्ठ्या नियमाप्रमाणे यादी लागताच नष्ट झालेल्या. परीक्षकांना निकाल यादीतूनच कळणार. एका कार्यवाहांना माहीत, पण एकवीस विभाग आणि नव्वदेक नावं, त्यात गाडीची घाई, त्यांना तरी आठवेल का? नोकरीत कायम झाल्याचं पत्र यायला अजून सहा आठवडे होते. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. तरी त्या आतल्या दारापर्यंत गेल्या. दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा कार्यवाह फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, परीक्षकांचा निर्णय आहे. मला वैयक्तिक काय वाटतं त्याला किंमत नाही. यादी ती यादी." आवाज दमलेला होता. माझ्या चुकीची बाजू लढवतायत हे, असं टायपिस्टबाईंना वाटलं, आणि त्या दारातूनच मागे फिरल्या. उद्या सांगू असं ठरवून. पुढे ते अकरा वर्षं त्यांच्यावर कामं टाकत राहिले, निवृत्त झाले, वारले. त्यांच्या मनात कधी पाचवं नाव सलत होतं का, हे कळायला आता मार्ग नव्हता. कधी कधी सही करताना ते क्षणभर हात थांबवून टायपिस्टबाईंकडे बघायचे. पण ती त्यांची सवयही असेल.

नंतर चुकीला फांद्या फुटत गेल्या. मासिकांतून पत्रं आली, कुणी म्हणे निर्मात्याशी वैर, कुणी म्हणे जातीचं राजकारण, कुणी म्हणे तिने कुणाला तरी नकार दिला होता. जिला वगळलं तिला लोक काम द्यायलाही कचरले. हिच्यात काहीतरी भानगड असणार. चार-सहा वर्षांत ती पडद्यावरून गेली आणि तिने बटणं-लेसचं दुकान टाकलं. मावशी एकदा गेल्या होत्या तिथे. सांगायचं ठरवूनच गेल्या होत्या, वाक्य पाठ करून. ती काउंटरमागे उभी होती, गळ्यात मोजपट्टी, सिनेमात दिसायची त्यापेक्षा ठेंगणी. "काय दाखवू?" तिने विचारलं, आणि मावशींच्या तोंडून निघालं, "बटणं." कशाला हवीत? कोटाला. "कोटाला? घरात कोट कोण घालतं?" तिने अगदी मोकळेपणाने विचारलं होतं. मावशींच्या घरात तेव्हा कोट घालणारं कुणीही नव्हतं. "भाऊ," त्या म्हणाल्या. भाऊ नव्हताच. तिने बारा बटणं कागदात बांधून पुडी पुढे केली, आणि मावशी एका चुकीवर आणखी एक खोटं घेऊन घरी आल्या.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाले. ते पुन्हा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या हातात छापील कागद होता. "वार्तापत्राचा अग्रलेख. उद्या सकाळी छापायला देतोय. यंदा मी नाव घेऊन लिहिलंय." आणि ते वाचू लागले. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा अन्याय ही परीक्षकांची चूक नव्हती, असं त्यात होतं. तेव्हाच्या कार्यवाहांच्या पत्नीची लांबची बहीण त्याच विभागात नामांकित झाली होती. मतमोजणी कार्यवाह एकटेच करत. एक नाव गाळलं की तिची वाट सोपी. यादीवर सही कुणाची? कार्यवाहांची. हा सद्गृहस्थ कलावतीच्या आयुष्याशी खेळला आणि मानाने निवृत्त झाला.

"बहीण होती हे पक्कं?" मोजणीवाल्यांनी विचारलं.

"पक्कं. कागद आहेत."

बहीण होती. मावशींनाही माहीत होतं. तिला पुरस्कार मिळालाही नव्हता. पण हे इतकं नीट जुळत होतं की क्षणभर त्यांनाच ते खरं वाटलं. आपण काही केलंच नाही, कार्यवाहांनीच ते कार्ड चिकटवून ठेवलं, आपण नुसतं उलटलं. एक्केचाळीस वर्षांत कुणी त्यांना इतका आयता दरवाजा उघडून दिला नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांना कार्यवाहांची मान आठवली, सही करताना वाकलेली, कॉलरच्या वर केस नीट न कापलेले. पत्नी माहेरी गेली की ते केस असे वाढायचे.

"ते छापू नका," मावशी म्हणाल्या.

"का? तुमचे साहेब म्हणून?" डॉक्टरांनी हसत विचारलं. "मावशी, तुम्ही भल्या आहात. तुम्हाला सगळे भलेच वाटणार."

"मी केलं ते," मावशी म्हणाल्या. आणि मग त्यांनी सांगितलं. ओळीने, टाइप करावं तसं. बाटली, थेंब, गठ्ठा, सही, सोमवार. आवाज चढला नाही की उतरला नाही. बटणांचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते कशात बसत नव्हतं.

खालून एक मोटारसायकल सुरू व्हायला बघत होती, होत नव्हती. मग मोजणीवाल्यांनी विचारलं, "कार्ड केवढं होतं?" मावशींनी बोटांनी दाखवलं. "आणि थेंब कडेला पडला की मध्ये?" कडेला. मोजणीवाल्यांनी मान हलवली. जमिनीची हद्द दाखवणारा दगड सापडल्यासारखी. डॉक्टर कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. "म्हणजे कटबिट काही नाही," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही शिव्या घातल्या त्या कुणाला?" त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तरुणपणापासून जपून ठेवलेली एखादी वस्तू कुणीतरी हातातून काढून घ्यावी, आणि ती आपली नव्हतीच असं समजावं, तसं काहीसं होतं. मावशींना त्यांची फार कीव आली. रागावले असते तर बरं झालं असतं, त्यांना वाटलं. रागाला उत्तर तयार होतं.

भाची त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मोबाइलच्या काळ्या पडद्याकडे बघत होती. "मावशी, एवढी वर्षं माझ्याबरोबर येतेस इथे," ती म्हणाली. "या खुर्चीत बसून ऐकतेस सगळं."

"हो."

"कशाला येत होतीस?"

मावशींना हे स्वतःलाही कधी नीट विचारता आलं नव्हतं. दरवर्षी तिचं नाव निघायचं म्हणून. या एका खोलीत तरी ते नाव वगळलं जात नव्हतं म्हणून. पण असं काही बोलून दाखवण्याचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं.

"आणि यंदाचं नामांकन," मोजणीवाले हळूच म्हणाले, "ते भरपाई म्हणून दिलंय. जो अन्याय परीक्षकांनी केलाच नाही, त्याची भरपाई. आणि त्यापायी नर्स गेली."

भाचीला हे आवडायला हवं होतं, तिचाच मुद्दा होता. पण तिने मान वर केली तेव्हा ती नर्सचा विचार करत नव्हती. "थांबा," ती म्हणाली. "कार्ड गठ्ठ्यात होतं म्हणजे मतं पडली होती. म्हणजे तिला मिळालं होतं. मावशी, तिची निवड झाली होती."

"झाली होती."

"हे तिला कुणी सांगितलंय?"

इतकी वर्षं मावशी त्या चुकीभोवतीच फिरल्या होत्या. रात्री कूस बदलताना, देवळात, वडिलांच्या उशाशी, बटणांच्या दुकानात, सगळीकडे चूकच घेऊन गेल्या होत्या. आपण काय केलं, आपलं काय होईल, आपल्याला कोण काय म्हणेल. पण त्या कार्डावर चूक नव्हती. त्या कार्डावर, पापुद्र्याखाली, काही अनोळखी माणसांनी आपापल्या घरी बसून, एकमेकांना न विचारता, एका बाईच्या चार सेकंदांना हो म्हटलेलं होतं. चांगली बातमी होती ती, आणि ती दाबून ठेवून त्या जणू स्वतःलाच शिक्षा करत बसल्या होत्या. तिकडे ती बाई आपल्याला कुणी निवडलंच नाही असं समजून लेस मोजत होती. यंदा निवडलं ते झोपलेलं काम बघून. आणि तिला ते कळत असणारच, तिच्यासारखीला न कळायला काय झालं. अपराध केल्याचं दुःख मावशींच्या अंगवळणी पडलं होतं. हे निराळं होतं. उशीर झाल्याचं होतं, आणि त्याला करण्यासारखं काहीतरी होतं.

"डॉक्टर, तिचा नंबर आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"काल बोललो मी. सत्काराला बोलावत होतो. म्हणाली, अभिनंदन फोनवरच करा, तुमचा जिना चढायचे मला कुणी पैसे दिले तरी नको." डॉक्टर जरासे हसले, मग आपण हसतोय हे लक्षात येऊन थांबले. "मावशी, आधी मी बोलू का? प्रस्तावना करून देतो."

"नको. प्रस्तावना नको."

"रागावली तर?"

"रागावू दे."

"आणि ती म्हणाली की यंदाचं नामांकन परत करते, तर?" भाचीने विचारलं. यात नर्सची आशा नव्हती, भीतीच होती.

"ते तिचं तिने ठरवावं. आजवर मीच ठरवत आले."

डॉक्टरांनी स्वतःच्या मोबाइलवर नंबर लावून तो मावशींच्या हातात दिला आणि तिघंही, काही न ठरवता, उठून आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी अर्धंच लोटलं. मावशींनी मोबाइल कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. त्यांनी उजव्या हाताने पदर सारखा केला, जणू ती बघणार होती. मग कुणीतरी फोन उचलला. मागे टीव्हीवर माणसं मोठमोठ्याने बोलत होती.

"हां, कोण?" आवाज म्हातारा झाला होता, पण दुकानात काउंटरमागून आलेला होता तोच.

"मी पुरस्कारांच्या ऑफिसात टायपिस्ट होते," मावशी म्हणाल्या. "तुमचा पुलाचा सिनेमा आला त्या वर्षी. तुम्हाला एक निरोप द्यायचा राहिलाय."

"माझ्यासाठी? कुणाचा?"

"परीक्षकांचा. त्या वर्षीच्या."

पलीकडे काही क्षण फक्त टीव्हीतली माणसं बोलत होती.

"थांबा हं," ती म्हणाली. "नीट ऐकू येत नाहीये. टीव्ही बंद करून येते. फोन ठेवू नका."

"नाही ठेवत," मावशी म्हणाल्या. फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. सपाता घासत लांब गेल्या. वय झालेल्या पायांच्या होत्या, एक पाऊल जड, एक हलकं. टीव्हीतला माणूस एका शब्दाच्या मध्येच तुटला आणि त्या घरात शांत झालं. मग तीच पावलं, जराशी घाईने, परत येऊ लागली.